कुंडीतील ॲव्होकॅडो : मशागत आणि मर्यादा

शहरांतील फळबाजारात गेल्या काही वर्षांत ॲव्होकॅडो हे फळ नियमितपणे दिसू लागले आहे. फळातील गर वापरून झाला की हाती उरते ती मोठ्या लिंबाएवढी, गुळगुळीत, तपकिरी बी. ती टाकून न देता मातीत किंवा पाण्यात ठेवली, तर काही आठवड्यांत तिला मूळ आणि कोंब फुटतो आणि पाहता पाहता घरात एक देखणे, रुंद पानांचे रोप उभे राहते. या सुलभतेमुळे गच्चीवर, सज्जात आणि शाळांच्या आवारात या झाडाची लागवड करण्याची हौस वाढत आहे. त्याबरोबरच ‘घरच्या घरी महागडे फळ’ ही अपेक्षाही वाढीस लागली असून, या अपेक्षेवर रोपांची विक्री होत आहे. लागवड करणाऱ्या कुटुंबाला, तसेच वृक्षलागवडीसाठी रोपे निवडणाऱ्या शाळेला किंवा ग्रामपंचायतीला, या झाडापासून नेमके काय साधते आणि काय साधत नाही, हे आधी ठाऊक असणे इष्ट होय. पैसा, पाणी आणि काही वर्षांची निगराणी या तिन्ही गोष्टी त्यावर अवलंबून आहेत.

झाडाची ओळख

ॲव्होकॅडोचे शास्त्रीय नाव पर्सिया अमेरिकाना असे आहे. दालचिनी, तमालपत्र आणि कापूर ज्या कुळात मोडतात, त्याच कुळातील हे सदाहरित झाड होय. त्याचे मूळ स्थान मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा डोंगराळ प्रदेश. तेथील नाहुआत्ल भाषेतील ‘आवाकात्ल’ या शब्दापासून स्पॅनिश नाव आणि त्यावरून आजचे प्रचलित नाव आले. या फळाच्या उत्पादनात मेक्सिको आजही जगात अग्रस्थानी आहे. आपल्याकडे फळाच्या मऊ, स्निग्ध गरामुळे त्यास ‘बटर फ्रूट’ असेही म्हणतात. कन्नड व तमीळ भाषांतील त्याच्या नावांचा अर्थही ‘लोण्याचे फळ’ असाच होतो.

या झाडाचे तीन मुख्य गट मानले जातात. मेक्सिकन गट थंडी सोसणारा, पातळ सालीच्या लहान फळांचा. ग्वाटेमालन गट जाड सालीच्या फळांचा. आणि वेस्ट इंडियन गट उष्ण, दमट व सखल प्रदेशात वाढणारा, कमी तेलांश असलेल्या फळांचा. पाण्यातील क्षार सोसण्याची शक्ती या तिसऱ्या गटात तुलनेने अधिक असते. भारतात हे झाड विसाव्या शतकाच्या प्रारंभी आले. तामिळनाडूतील पळणीच्या डोंगररांगा, कर्नाटकातील कोडगू, केरळमधील वायनाड आणि ईशान्येकडे सिक्कीम या भागांत ते चांगले रुजले. हे सर्व प्रदेश मध्यम तापमानाचे, पुरेशा पावसाचे आणि उतारामुळे पाणी साचू न देणारे आहेत. महाराष्ट्रातही अलीकडे काही ठिकाणी या फळाच्या बागा लावण्यात आल्या आहेत. मात्र दख्खनची काळी, पाणी धरून ठेवणारी जमीन आणि एप्रिल-मे महिन्यांतील कोरडे उष्ण वारे या झाडाच्या प्रकृतीला मानवणारे नाहीत. कुंडीचा फायदा असा, की तीत माती निवडता येते आणि झाड उन्हातून सावलीत हलविता येते.

बीपासून झाड : अपेक्षा आणि वस्तुस्थिती

ॲव्होकॅडोच्या बीपासून आलेले झाड मातृवृक्षाच्या गुणांचे असेलच, असे नाही. रायवळ आंब्याप्रमाणे प्रत्येक बीचे झाड निराळे निघते. जागतिक व्यापारातील बहुतांश फळे ‘हास’ या जातीची असतात. पण हासच्या फळातील बी लावली म्हणून हासची फळे मिळत नाहीत. शिवाय बीपासून वाढविलेल्या झाडाला जमिनीत लावूनही फळ धरण्यास पाच ते दहा वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक काळ लागतो. कुंडीत मुळांना जागा अपुरी असल्याने अनेक झाडे फळावर येतच नाहीत. कलमी झाडाला मात्र योग्य निगा राखल्यास तीन-चार वर्षांत फळे धरू शकतात.

हास जातीचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील रुडॉल्फ हास नावाच्या टपालवाहकाने १९२६ साली एक बी लावली. तिच्या रोपावर प्रचलित जातीचे कलम बांधण्याचा त्याचा विचार होता. कलमे जगली नाहीत. रोप तसेच वाढू दिले गेले आणि त्याला अपेक्षेपेक्षा उत्कृष्ट फळे आली. १९३५ साली त्या झाडाचे पेटंट घेण्यात आले. जगभरातील हासची सर्व झाडे त्या एकाच झाडाच्या काड्यांपासून, कलमांच्या परंपरेने तयार झालेली आहेत. ते मूळ झाड मूळकुजीने मरून २००२ साली तोडावे लागले. या हकिकतीतून दोन गोष्टी ध्यानी येतात. उत्तम गुणांचे बियाणे-झाड निघणे हा दुर्मीळ योग असतो. आणि जुने, सशक्त झाडही मुळाशी रोग शिरल्यास वाचत नाही.

म्हणून फळासाठी झाड हवे असल्यास जातीचे नाव व कलमाचा सांधा स्पष्ट दिसणारे रोप विश्वसनीय रोपवाटिकेतून घ्यावे. बेंगळुरू येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेने ‘अर्का सुप्रीम’ आणि ‘अर्का कूर्ग रवी’ या जाती, तर तामिळनाडू कृषी विद्यापीठाने ‘टीकेडी-१’ ही जात प्रसारित केली आहे. रोप खरेदी करताना खोडाच्या खालच्या भागात कलमाची गाठ किंवा तिरकस जोड दिसतो की नाही, हे पाहावे. सांधा नसेल, तर विक्रेता काहीही सांगत असला तरी ते बीचे रोप समजावे आणि कलमाची किंमत देऊ नये.

बी रुजविण्याची पद्धत

बीपासून रोप तयार करण्याचे प्रयोजन खुंट तयार करणे, शोभेचे झाड वाढविणे किंवा शिक्षण हे असू शकते. यासाठी पूर्ण पिकलेल्या फळाची बी घ्यावी. धान्याची बी वाळवून साठविता येते, ॲव्होकॅडोची बी मात्र वाळली की मरते. म्हणून फळ कापल्यावर ती धुऊन शक्यतो लगेच लावावी. बीवरील पातळ तपकिरी साल अलगद काढल्यास उगवण लवकर होते. बीचा रुंद, चपटा भाग खाली आणि निमुळता भाग वर ठेवावा. अर्धी बी मातीच्या वर राहील अशा बेताने लावून माती ओलसर ठेवावी. उगवणीस साधारणतः तीन ते आठ आठवडे लागतात.

दुसरी परिचित पद्धत पाण्याची. बीच्या मध्यभागी तीन-चार बारीक बांबूच्या काड्या टोचून ती पेल्याच्या काठावर अशी टेकवितात, की तिचा खालचा तृतीयांश भाग पाण्यात बुडावा. काचेतून मूळ कसे फुटते हे दिसत असल्याने विद्यार्थ्यांना ही पद्धत फार उपयोगी पडते. मात्र यात एक दक्षता अत्यावश्यक आहे. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरविणारा एडीस डास अंडी घालतो आणि त्याची पिढी सुमारे आठ-दहा दिवसांत तयार होते. म्हणून पेल्यातील पाणी आठवड्यातून किमान दोनदा बदलावे आणि पेला आतून घासून धुवावा. कुंडीखालील ताटल्यांनाही हाच नियम लागू आहे. गावात ‘कोरडा दिवस’ पाळला जात असेल, तर पाण्याच्या टाक्यांबरोबर या ताटल्याही त्या दिवशी रिकाम्या कराव्यात.

रोप १५ सेंटिमीटर उंच झाले की ते मातीत लावावे. पाण्यात फुटलेली मुळे नाजूक असतात. ती ओढाताण न करता हलक्या हाताने बसवावीत. रोप ३० सेंटिमीटरचे झाले म्हणजे शेंडा खुडावा. त्यामुळे बाजूच्या फांद्या फुटून झाड बुटके व डेरेदार राहते. खोड पेन्सिलीच्या जाडीचे झाल्यावर त्यावर जाणत्याकडून पाचर कलम बांधता येते. कोकणात आंब्याची कोय कलमे करणाऱ्या कारागिरांना हे तंत्र नवे नाही.

कुंडी आणि माती

ॲव्होकॅडोची अन्न शोषणारी बहुतेक मुळे वरच्या थरातच पसरतात. त्यांना मूळरोम फार थोडे असतात आणि हवेची गरज मोठी असते. म्हणून या झाडासाठी कुंडी अतिखोल असण्यापेक्षा रुंद असणे महत्त्वाचे. प्रारंभी २० ते २५ सेंटिमीटर व्यासाची कुंडी पुरते. लहान रोप एकदम मोठ्या कुंडीत लावू नये. न वापरली गेलेली ओली माती आंबते. दरवर्षी एकेक आकार वाढवीत शेवटी सुमारे १०० लिटर मातीचे पात्र द्यावे. २०० लिटरचे प्लॅस्टिकचे पीप मधोमध कापल्यास अशी दोन पात्रे मिळतात. ज्यात रसायने साठविली होती, असे पीप मात्र वापरू नये.

एवढ्या मोठ्या पात्राचे ओल्या मातीसह वजन सव्वाशे किलोच्या घरात जाते. गच्चीवर ते स्लॅबच्या मध्यभागी न ठेवता तुळईवर किंवा भिंतीच्या रेषेवर ठेवावे. जुन्या इमारतीत अनेक पात्रे ठेवण्यापूर्वी जाणकार अभियंत्याचा सल्ला घ्यावा. पात्र विटांवर उचलून ठेवल्यास तळाची छिद्रे मोकळी राहतात आणि स्लॅबमध्ये ओल मुरत नाही.

माती भुसभुशीत आणि किंचित आम्लधर्मी असावी. लाल किंवा पोयट्याची माती दोन भाग, चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट एक भाग, आणि भरड वाळू, भाताचे तूस व नारळाचा भुसा यांचे मिश्रण दोन भाग, असे प्रमाण उपयुक्त ठरते. काळी चिकण माती पूर्णतः वर्ज्य करावी. कुंडीच्या तळाशी खडीचा जाड थर दिल्याने निचरा सुधारतो, हा समज रूढ असला तरी बरोबर नाही. बारीक मातीतील पाणी खालच्या भरड थरात सहज उतरत नाही. ते थराच्या वरच अडते आणि मुळांसाठी उपलब्ध कोरडी, हवेशीर जागा उलट कमी होते. छिद्रातून माती वाहून जाऊ नये म्हणून त्यावर खापराचा एक तुकडा पालथा ठेवणे पुरेसे आहे. भरलेल्या कुंडीत पाणी ओतून पाहावे. ते लगेच मुरून एक-दोन मिनिटांत तळातून वाहू लागले, तर मिश्रण योग्य समजावे.

पाणी आणि क्षार

कुंडीतील ॲव्होकॅडो मरण्याचे प्रमुख कारण म्हणजे अतिपाणी. माती सतत चिंब राहिली की फायटोप्थोरा सिनामोमी हा बुरशीसदृश सूक्ष्मजीव मुळांवर हल्ला करतो. मुळे काळी पडून ठिसूळ होतात आणि पाने मलूल होऊन लोंबतात. पाने सुकलेली पाहून घरची माणसे आणखी पाणी घालतात आणि झाड लवकर जाते. यासाठी वेळापत्रकाने पाणी न देता बोट पाच सेंटिमीटर मातीत खुपसून पाहावे. तेथवर माती कोरडी लागली, तरच पाणी द्यावे. आणि देताना ते तळातून वाहीपर्यंत द्यावे. पावसाळ्यात, विशेषतः कोकण व घाटमाथ्यावर, कुंडी पागोळ्यांच्या आत घेणे हिताचे.

दुसरा शत्रू क्षार. विंधन विहिरीचे जड पाणी दीर्घकाळ दिल्यास पानांची टोके व कडा करपून तपकिरी होतात आणि कुंडीच्या बाहेरील बाजूस पांढरा थर दिसू लागतो. शक्य तेथे छपरावरील पावसाचे पाणी साठवून वापरावे. महिन्यातून एकदा नेहमीपेक्षा बरेच अधिक पाणी देऊन ते खालून वाहू द्यावे, म्हणजे साचलेले क्षार धुऊन जातात. भाज्या व तांदूळ धुतलेले पाणी चालते. साबणाचे पाणी चालत नाही.

पाण्याचा हिशोबही मांडला पाहिजे. मे महिन्यात मोठ्या कुंडीला दररोज ५ लिटर पाणी लागते असे धरले, तर महिन्याला सुमारे १५० लिटर आणि दहा कुंड्यांना १,५०० लिटर होतात. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे मान धरलेले आहे. म्हणजेच दहा कुंड्यांचे पाणी हे एका माणसाच्या जवळजवळ महिनाभराच्या पाण्याएवढे झाले. टंचाईग्रस्त गावात असा संच उभारण्यापूर्वी हा आकडा ग्रामसभेपुढे ठेवणे योग्य ठरेल.

ऊन, खत आणि फुलोरा

झाडाला दिवसातून सहा तास ऊन हवे. पण तरुण खोडाची साल उन्हाने भाजते. त्यासाठी खोडाला पातळ चुन्याचा हात द्यावा आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारी सावलीच्या जाळीचा आडोसा करावा. मातीवर पालापाचोळ्याचे सात-आठ सेंटिमीटर जाडीचे आच्छादन घालावे, ते खोडाला मात्र भिडू देऊ नये. खत थोडे थोडे, पण वारंवार द्यावे. नवीन पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्यास लोहाची, तर पाने लहान राहून जवळ जवळ आल्यास जस्ताची उणीव संभवते. चुनखडीयुक्त मातीत ही लक्षणे अधिक दिसतात.

या झाडाच्या फुलांचे वर्तन वनस्पतिशास्त्रातील एक नवल आहे. प्रत्येक फुलात स्त्रीकेसर व पुंकेसर दोन्ही असतात. परंतु ते एकाच वेळी कार्यक्षम नसतात. ‘अ’ प्रकारच्या जातींत फूल पहिल्या दिवशी सकाळी मादी म्हणून उमलते, मिटते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नर म्हणून पुन्हा उमलते. ‘ब’ प्रकारात ते पहिल्या दिवशी दुपारी मादी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर असते. हास ही ‘अ’ प्रकारातील, तर ‘फुएर्ते’ ही ‘ब’ प्रकारातील जात होय. दोन्ही प्रकारांची झाडे जवळ असल्यास मधमाश्यांकरवी परागीभवन चांगले होते. हवा थंड-उष्ण झाली की या वेळा पुढेमागे होऊन एकट्या झाडालाही काही फळे धरतात. पण ती मोजकीच. मुळात हजार फुलांतून एखादेही फळ टिकत नाही. त्यामुळे फुलोरा गळाला म्हणून निराश होण्याचे कारण नाही. फुले फांद्यांच्या शेंड्यांवर येत असल्याने फुलोऱ्याच्या आधी छाटणी करू नये. ती फळे उतरविल्यानंतर करावी. फळे झाडावर मऊ होत नाहीत. पूर्ण वाढलेले फळ काढून घरात ठेवल्यावर काही दिवसांनी ते पिकते.

जनावरांची काळजी

खेड्यात आणि शाळेच्या आवारात हे झाड लावताना एका धोक्याची नोंद घेतली पाहिजे. ॲव्होकॅडोची पाने, साल आणि बी यांत पर्सिन नावाचे द्रव्य असते. ते शेळ्या, मेंढ्या, गाई, घोडे, ससे आणि पिंजऱ्यातील पक्षी यांना विषारी ठरते. दुभत्या जनावरांत कासेला सूज येऊन दूध आटते आणि पाला अधिक खाण्यात आल्यास हृदयावर परिणाम होऊन जनावर दगावू शकते. म्हणून कुंड्या शेळ्यांच्या वाटेवर ठेवू नयेत आणि छाटलेला पाला चारा म्हणून घालू नये. तो खड्ड्यात पुरावा. पाला खाल्ल्याचे लक्षात येताच पशुवैद्यकास बोलवावे. एका शेळीवर ज्या कुटुंबाचा खर्च चालतो, त्या कुटुंबाला ही माहिती झाडाबरोबरच दिली गेली पाहिजे.

शाळेसाठी एक पाठ

शिक्षकांना या झाडापासून कमी खर्चात चांगला प्रयोग करता येतो. उपाहारगृहातून किंवा फळविक्रेत्याकडून १२ बिया मिळवाव्यात. त्यांपैकी तीन सालीसह मातीत, तीन साल काढून मातीत, तीन पाण्यात लावाव्यात आणि तीन आधी पंधरवडाभर वाळवून मातीत लावाव्यात. विद्यार्थ्यांनी दर सोमवारी मूळ फुटल्याचा दिवस, कोंबाची उंची आणि पानांची संख्या वहीत नोंदवावी. वाळविलेल्या बियांचे काय झाले, साल काढल्याने फरक पडला का, एकाच प्रकारच्या तीन बियांत सारखेपणा किती, या प्रश्नांची उत्तरे त्या नोंदींतून मुलांनी स्वतः काढावीत. दोन दलांत साठविलेल्या अन्नावर रोप कसे वाढते, बी आणि कलम यांत भेद कोणता, निरीक्षण आणि अनुमान यांत अंतर किती, हे सारे एका पेल्यातून शिकविता येते. फळाची वाट न पाहता हा पाठ एका सत्रात पूर्ण होतो.

निवड कशी करावी

घराच्या आहारात फळांची भर पडावी, एवढाच हेतू असेल, तर कुंडीसाठी कागदी लिंबू, अंजीर, डाळिंब किंवा पेरूचे कलम अधिक भरवशाचे आहे. ही झाडे आपल्या हवेला सरावलेली असून थोड्या जागेत व लवकर फळ देतात. ज्यांच्याकडे मध्यम हवामान, गोडे पाणी, मोठे पात्र आणि तीन-चार वर्षे थांबण्याची तयारी आहे, त्यांनी ॲव्होकॅडोचे कलम अवश्य लावावे. हाती येणारी फळे मोजकी असतील, हे मात्र मनाशी धरावे. बीपासून वाढविलेले रोप हिरव्या सोबतीसाठी व शिक्षणासाठी लावावे. त्याच्याकडून फळाची अपेक्षा करू नये.

वृक्षलागवडीच्या कार्यक्रमात रोपांची संख्या मोजली जाते. ती किती जगली आणि कोणाच्या उपयोगी पडली, हे मोजणे त्याहून महत्त्वाचे आहे. ग्रामपंचायत सदस्यांनी व अधिकाऱ्यांनी रोपांची मागणी नोंदविण्यापूर्वी पाणी, जागा, जनावरे आणि निगराणी करणारी व्यक्ती या चार बाबींची खात्री करून घ्यावी. या कसोटीला उतरलेली पाच झाडे, उन्हाळ्यात वाळून जाणाऱ्या पन्नास झाडांपेक्षा गावाच्या अधिक हिताची ठरतील.